गरम पाण्याची वर्दी

३ एप्रिल
सफ्रूला पोचले. घर पाहताच प्रवासाचा शीण गेला. अंगणात लिंबाचं झाड, निळ्या फरशा, माडीवर मला स्वतंत्र खोली! मिसेस हॉलिस या इंग्रज लेखिकेची दुभाषी म्हणून दोन महिने राहायचं आहे. त्या आम्हा लोकांवर कादंबरी लिहिताहेत. स्वयंपाकीण यामना माझ्याच वयाची, चव्वेचाळीसच्या आसपास. माझ्या हातून पुदिन्याचा चहा सांडला तेव्हा म्हणाली, "रबातच्या कॉलेजात एवढंही शिकवत नाहीत का हो, नजातबाई?" दोघी हसलो.

५ एप्रिल
मोरीत उकळतं पाणी ओतण्याआधी यामना थांबते. म्हणते, "बाजूला व्हा, मंडळी, गरम पाणी येतंय." मोरीखाली राहणाऱ्या जिनांना ही वर्दी. माझी आजीही द्यायची. मिसेस हॉलिसनी अर्थ विचारला. मी सांगितला आणि वर हसले. का हसले? त्यांच्या नजरेत अडाणी ठरू नये म्हणून. दुसरं कारण सापडत नाही.

६ एप्रिल
त्यांना कादंबरीसाठी प्रसंग हवा होता. आज त्यांनी उकळती किटली मोरीत रिकामी केली, वर्दी न देता. बघू या कोण वर येतं, म्हणाल्या. मी थांबवलं नाही. यामनाने एप्रन काढून माझ्या पायाशी टाकला. "तिचं सोडा, ती परकी. तुम्हाला तर ठाऊक होतं ना? त्यांचीही पोरंबाळं असतात, बाई." गेली ती परतली नाही.

८ एप्रिल
मिसेस हॉलिसना ताप. दोन्ही तळपायांवर भाजल्याचे फोड. त्यांच्या अंगावर तर थेंबही उडाला नव्हता. शेजारी दार उघडत नाहीत. गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "तुमची मडम, तुम्हीच निस्तरा!" डॉक्टर उद्या संध्याकाळी येईल. मी निघून जावं का? आजारी बाईला एकटं टाकून? हसले तर मीच होते.

९ एप्रिल, सकाळ
मोरीतून रडणं. तान्ह्या मुलाचं. वाकून माफी मागितली — इंग्रजीत. आपली बोली ओठांवर येईचना.

दुपार
त्या उठल्यात. त्या फोडांच्या पायांनी चालताहेत. खाली किटलीला उकळी फुटली.
बोलताहेत. आमचा एक शब्द येत नव्हता त्यांना — आणि आता इथल्या बोलीत, थेट आजीच्या सुरात —
जिन्यावर पावलं. ओली.
कडी लावली होती मी. आता —
उंबऱ्यावर थांबल्या. अगदी अदबीनं सांगताहेत, बाजूला व्हा, बाई, गरम पा