गळ्यातलं

सांगली, ता. ६ जानेवारी २०२५

ती. सौ. शकुंतलाकाकीस, शिवांजलीचा शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशनला गळ्यातलं काढलं तर काकांना काही होईल का? काकी, तुमच्या या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. आपल्या घरातली पहिली पदवी मी घेतली, तीही नर्सिंगची, पण हे कुठल्याच पेपरात आलं नव्हतं. काका फोन स्पीकरवर ठेवतात, म्हणून तुम्ही पत्रातून विचारलंत. मीही पत्रातूनच कळवते.

येतं तेवढं सांगते. खडे झालेलं पित्ताशय काढताना रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात. अंगावर धातू असला तर तिथं भाजायची भीती असते. तुम्ही दोनदा तारीख मोडलीत. आता पित्ताशयात पू झाला, तर सोपं ऑपरेशन अवघड होईल, असं डॉक्टर म्हणतात. मला घोर लागला आहे.

आणि तुम्ही लिहिलंत तसं, ऑपरेशनच्या खोलीत मी डॉक्टरांना नुसते चिमटे देत नाही हं! पेशंट तोच आहे ना, उपाशी आहे ना, हे आम्ही बघतो. रक्त टिपायला आत गेलेला प्रत्येक बोळा बाहेर आल्याचं आम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टर पोट शिवत नाहीत.

माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
शिवांजली


उंब्रज, ता. १२ जानेवारी

चि. शिवांजलीस, काकीचे पोटभर आशीर्वाद.

तुझे काका उसाला पाणी पाजायला गेलेत, तवा लिहायला बसले. लय शिकलीस गं, पण मशीनला काय कळतंय? हे फौजेत होते तवा बाळंतपणातसुदिक मी गळ्यातलं काढलं न्हाई. माणूस बर्फातनं सुखरूप घरी आलं. आता खड्यांपायी काढू व्हय? यांना वाटतंय, मी सुईला भिते. वाटू दे. तू बी सांगू नको.

परवा कळ आली, तर तोंडात पदर कोंबला. तारीख घे, येते. पण गळ्याला हात लावशील तर तशीच उठून एस.टी. धरीन. मग बसू देत तुझं डॉक्टर चिमटं घेऊन.

जिवाला जप. चिडलीस तरी पत्र टाक.

तुझी,
काकी


सांगली, ता. २ फेब्रुवारी

ती. सौ. काकीस, शि. सा. न. वि. वि.

टाके कोरडे आहेत ना? काकांनी भजी आणली तरी खायची नाहीत.

काकांना का सांगितलं म्हणून तुम्ही रागावलात. पण काकी, ऑपरेशनला कुणी कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून येतं का? सुई लावायला जागा ठेवली नव्हतीत! साबण लावून मी एकेक बांगडी उतरवली, ती तुम्ही हसत उतरवू दिलीत. गळ्याकडे हात नेला, तशा चपला शोधायला लागलात. तेव्हा मी बाहेर जाऊन काकांना सांगितलं, की काकी सुईला भीत नाही, तुमच्यासाठी भिते. आपले सुभेदार लगेच आत यायला निघाले. ऑपरेशनआधी पेशंटला ठेवतात त्या खोलीत नातेवाइकांना येऊ देत नाहीत. मी इन्चार्ज सिस्टरांना गळ घातली आणि काकांना टोपी-गाऊन चढवून आत आणलं. मी बांधलंय, मीच सोडतो, शुद्धीवर आलीस की मीच बांधीन, असं ते म्हणाले आणि तुम्ही मान पुढे केलीत.

पुढचं तुम्हांला ठाऊक नाही. तुम्ही झोपलात. मी तुमच्या कोपरांखाली मऊ गाद्या सारल्या, पायांवर गरम पांघरूण घातलं, बोळे मोजले. बाहेरचं मला नंतर कळलं: खिशातून पडेल म्हणून काकांनी तुमचं गळ्यातलं सरळ स्वतःच्या गळ्यात घातलं, तेही शर्टाच्या वरून! बाकावर परेडसारखे ताठ बसले. एक बाई हसली, तर तिला म्हणाले, ड्यूटीवर हाय.

दर वेळी कुणाकुणाला आत आणणार, असं इन्चार्ज सिस्टरांनी मला नंतर विचारलं. जी घाबरेल तिच्या माणसाला, असं मी म्हटलं. बराच वाद झाला, पण शेवटी त्या हो म्हणाल्या. काल मी एक खुर्ची मागून आणली आणि त्या खोलीत पलंगाशेजारी ठेवली. आज तिच्यावर एक सासूबाई बसल्या होत्या, सुनेच्या बांगड्या ओटीत घेऊन.

राग सरला की लोभ पाठवावा.

आपली,
शिवांजली