घोरपड जिच्या हाती द्यायची

मी, खाली सही करणारी, वय वर्षं बाहत्तर, धंदा गाड्या दुरुस्तीचा, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. माझ्यावर जबरदस्ती करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. डॉक्टर म्हणाले, "काकू, दाखल्याची काही गरज नाही." तरी मी तो घेऊन सोबत जोडला आहे. म्हातारीला भ्रम झाला होता, असं पुढे कोणी म्हणायला नको. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम पहिलं. माझी माणसं.

यजमान वारले. मुलगा एकच. त्याला मी या कागदात चिरंजीव म्हणणार आहे, कारण तो रागावला की मला तेच नाव आठवतं. तो मोठ्या शहरात असतो, चांगल्या नोकरीत आहे, स्वतःचा फ्लॅट आहे. त्याच्या बायकोशी त्याची फारकत झाली. ती बाई कायद्याने आता माझी कोणी लागत नाही. मी तिला सूनच म्हणते, कारण दुसरा शब्द शोधायला मला वेळ नाही आणि हौसही नाही. फारकतीनंतर तिच्या माहेरचे म्हणाले, आमच्याकडे जागा नाही. मी म्हटलं, कार्यशाळेच्या वर दोन खोल्या रिकाम्या आहेत, सामान घेऊन ये. तेव्हापासून ती तिथे राहते आणि माझ्याबरोबर काम करते.

चिरंजीवांना हे पटलं नाही. "आई, ती आता आपली कोणी नाही. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांच्या गाड्या माझ्याकडे येतात. कोण काय लायकीचा आहे, ते मला बॉनेट उघडलं की कळतं."

मी डोळे मिटले की संध्याकाळच्या आत तिच्या हातात बॅग येईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. तसं होऊ नये म्हणून हा सगळा कागदाचा खटाटोप.

कलम दुसरं. पुढचं घर.

पुढचं घर, त्यातल्या कपाटांसह आणि गळक्या नळासह, चिरंजीवांना देते. त्यांनी ते विकावं, भाड्याने द्यावं किंवा कुलूप लावून ठेवावं. फक्त घराच्या बाजूने मागे जाणारी वाट कायम मोकळी ठेवावी. तिथे कुंड्या मांडू नयेत. घोरपडीला वळायला जागा लागते.

कलम तिसरं. घोरपड.

घोरपड म्हणजे माझी जुनी जीप. चढाला चिकटली की सुटत नाही, म्हणून हे नाव. यजमानांनी ती एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीच्या लिलावात घेतली, घरी आणताना फाटकाला ठोकली आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. तेव्हा मी शिकले. डांबरी रस्ता संपतो त्याच्या पुढे टेकडीवर वस्ती आहे, तिथल्या दवाखान्यात औषधांचे खोके मी याच गाडीतून नेत आले. आता गुडघा ऐकत नाही, म्हणून सून नेते.

ही गाडी, तिच्या कागदपत्रांसह आणि खोडींसह, मी सुनेला देते. चिरंजीवांचा विचार आहे की तिला चकचकीत रंग देऊन एखाद्या हॉटेलच्या दारात शोभेला उभी करावी. असा विचार करणाऱ्याच्या हाती मी गाडी देत नाही.

याला आणखी एक कारण आहे. गेल्या सुट्टीत चिरंजीव मित्रांना दाखवायला घोरपड घेऊन गेले आणि चारही चाकांना ताकद देणारा दांडा टाकून कोरड्या डांबरी रस्त्यावर फिरले. "पकड चांगली बसते ना," असं त्यांचं म्हणणं. चिखलात बसते. डांबरावर चाकांना घसरायला वाव नसतो, पुढची आणि मागची चाकं वळणावर सारखी फिरत नाहीत, आणि सगळा पीळ आतल्या गिअरांवर येतो. घरी आले तेव्हा दांडा घट्ट अडकला होता. त्यांनी हातोडी घेतली. दांडा वाकला, सुटला नाही. मग ते गाडी ओढून नेणाऱ्याला फोन लावत उभे राहिले. सून वरून खाली आली, आत बसली आणि मागच्या मऊ मातीत गाडी थोडी उलटी घेतली. पीळ निघाला आणि दांडा दोन बोटांनी सुटला. ती पुन्हा वर निघून गेली. चिरंजीवांनी तिचे आभार मानले नाहीत. हे मी लिहून ठेवते आहे, कारण मी ते पाहिलं आहे.

कलम चौथं. घोरपड सांभाळायची कशी.

सुनेला यातलं बहुतेक सगळं येतं. पण मी गेल्यावर तिला शहाणपण शिकवायला दहा जण येतील, म्हणून माझं म्हणणं लेखी असलेलं बरं.

सूनबाई, पाण्यातून गेलीस तर दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्सलचं तेल बघायचंच. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात शिरला की पाणी आत ओढून घेतो. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर सगळं काढून टाक, चालढकल करू नकोस. ग्रीस भरण्याआधी ते आत जायचं तोंड, म्हणजे निपल, पुसून घे, नाहीतर मातीच आत ढकलशील. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन सोडायची नाही. चॅसीमध्ये, म्हणजे खालच्या सांगाड्यात, चिखल साठू देऊ नकोस. गंज दिसला तर आधी स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघ, मग खरवड, मग रंगाचं बोल. गंजावर रंग मारणारे लोक गाडी विकायच्या तयारीत असतात.

नट आधी हाताने फिरवायचा, मग पाना लावायचा. हाताने फिरत नसेल तर तो वाकडा बसतो आहे, त्याच्याशी भांडू नये. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, कितीही घाई असली तरी, शिरायचं नाही. खाली लोखंडी घोड्या लावायच्या, गाडी हलवून बघायची, मग आडवं व्हायचं. ही एक गोष्ट मोडलीस तर मी वरून खाली येईन.

कलम पाचवं. कार्यशाळा.

मागची कार्यशाळा, वरच्या दोन खोल्या, व्हाइस, ड्रिल, वेल्डिंगचं यंत्र, सगळे पाने, कानशी आणि भिंतीवरच्या खिळ्यांना लटकलेलं जे जे असेल ते सुनेला देते. दोन गोष्टी तिने तशाच चालू ठेवाव्यात. तेलकट चिंध्या झाकणाच्या डब्यात टाकायच्या, कोपऱ्यात ढीग लावायचा नाही. आणि ज्याने खोललं त्यानेच बसवायचं. सुटे भाग काढलेल्या क्रमाने कापडावर डावीकडून उजवीकडे मांडायचे, आणि ते कापड दुसऱ्या कोणी उचलायचं नाही. चिरंजीव लहानपणी घड्याळं, पंखे, एकदा तर शेजारणीचं शिलाई मशीन खोलून ठेवत आणि जेवायला निघून जात. ती सवय त्यांनी मोठेपणीही सोडली नाही. ज्याला समजायचं त्याला समजेल.

कलम सहावं. पुलर.

बेअरिंग काढायचा माझा मोठा पुलर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे आहे. त्याने तो एका दिवसासाठी नेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. मला पाहिलं की तो रस्ता ओलांडतो. तो पुलर मी त्याला या कागदाने रीतसर देऊन टाकते. माझ्या अंत्ययात्रेला तरी त्याने समोरून यावं.

कलम सातवं. बँकेतली शिल्लक.

त्यातून आधी माझं शेवटचं उरकावं, साधेपणाने. मग घोरपडीला मागचे दोन टायर घ्यावेत, आणि ते चांगले घ्यावेत. उरेल ते टेकडीवरच्या दवाखान्याला द्यावं.

इथे मृत्युपत्र संपणार होतं. आज सह्यांसाठी वकील आले. शेजारचा लेथवाला साक्षीला आला. पाठीमागे काही करायची मला सवय नाही, म्हणून चिरंजीवांनाही मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते कोर्टात जायची भाषा करतील, याची मी तयारी ठेवली होती. सून औषधांचे खोके घेऊन सकाळीच टेकडीवर गेली आहे. तिला यातलं काहीच माहीत नाही.

चिरंजीवांनी कामाच्या टेबलाशी उभं राहून सगळा कागद वाचला.

"हातोडीचं लिहायलाच हवं होतं का?"

"खोटं आहे का?"

"नाही. खरं आहे."

त्यांनी तिसरं कलम पुन्हा एकदा वाचलं. दुसरा साक्षीदार म्हणून समोरच्या शिंप्याला सांगून ठेवलं होतं, पण तो तापाने आजारी. लेथवाला आणखी कोणाला तरी आणायला उठला, तर चिरंजीव म्हणाले, "बसा भाऊ. मी करतो सही."

वकील म्हणाले, "तुम्हाला करता येणार नाही. पुढचं घर यात तुम्हाला दिलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केलीत तर घर जाईल."

"तुम्ही मघाशी फोनवर हेच कोणाला तरी समजावत होतात. मी ऐकलं."

"मग?"

"मला स्वतःचा फ्लॅट आहे. तिला वरच्या दोन खोल्याच."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढून पदराने पुसला. या मुलाबद्दल मी काय काय लिहून ठेवलं होतं, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. तरी मला इतका आनंद झाला की पेन कुठे ठेवलं ते सापडेना. ते चिरंजीवांनीच शोधून दिलं.

"आई, नीट विचार करून सांग," तो म्हणाला, "की तुला मी साक्षीदार चालेन का."

मी म्हटलं, "चालशील."

वकिलांनी विचारलं, आधीचं खोडून नवीन लिहायचं का. मी नाही म्हटलं. जे घडलं ते घडलं, आणि आज जे झालं तेही घडलं. फक्त एक कलम वाढवते.

कलम आठवं. दुसऱ्या कलमातलं पुढचं घर चिरंजीवांच्या हातून सुटलं, तर ते सुनेला जावं. त्यातली रस्त्याकडची खोली माझ्या मुलासाठी आयुष्यभर राखून ठेवावी. त्याने कधीही यावं, जेवावं, राहावं. हे सुनेवर ओझं नाही, माझी विनंती आहे. आज संध्याकाळी ती खाली आली की हे तिला मी सांगणार नाही. त्याने स्वतः तिच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे.

वरचा मजकूर वाचून, समजून, राजीखुशीने सही करते.

स्थळ: मागची कार्यशाळा
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तो

(सही) गावात जिला गाडीवाल्या बाई म्हणतात ती

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचा लेथवाला. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: (सही) मुलगा. आईने माझ्यासमोर सही केली. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळणार नाही, हे समजून सही केली आहे.