चौपट ताकदीची गोळी

ती. ताई,
साष्टांग नमस्कार, दुखरे गुडघे वगळून.

औषधविक्रेत्यांच्या परवाना मंडळाविषयी माझी मुख्य तक्रार ही, की सुनावणीच्या खोलीतली खुर्ची डुगडुगते. असल्या आसनावर बसून सत्य बोलणं ऋषिमुनींनाही जमलं नसतं.

परवाना सहा महिने निलंबित झाला, हे तुला कळलंच आहे. डॉक्टरांनी चुकून एका आजोबांना नेहमीच्या चौपट ताकदीची गोळी लिहिली. मी नेहमीचीच दिली. "डॉक्टरांना न विचारता बदल केलात," हा माझा अपराध. पण अपील मीच जिंकणार. डॉक्टर स्वतः साक्षीला येताहेत. "तुमच्यामुळे म्हातारा वाचला हो!" म्हणाले. वकीलबाई माझ्या तीस वर्षांच्या तीक्ष्ण नजरेवर भाषण रचून बसल्यात. तुझ्या भावजयीने परवान्याची रिकामी फ्रेमसुद्धा पुसून ठेवली आहे.

हे पत्र मात्र मी पेटीत टाकणार नाही. ताई, मी चूक पकडलीच नव्हती. मी चिठ्ठी वाचलीच नाही. आजोबा दिसले आणि हात सवयीने नेहमीच्या खणाकडे गेला.

परवाना परत मिळेलच. पण उद्या डॉक्टर मुद्दाम गोळी बदलतील आणि हा हात जुनीच देईल, याची मला भीती वाटते.

तुझा,
धाकटा