सव्वीस कोरे कागद

वॉटफर्ड,
८ मार्च २००६

प्रिय सुचेता,

तुझी ईमेल मिळाली. शनिवारी लायब्ररीत आपल्या मराठी मंडळाच्या मुलांचा रंगांचा कार्यक्रम आहे, कौन्सिलची माणसं येणार आहेत आणि त्यासाठी अवधूतचे जादूचे कागद हवेत, असं तू लिहिलंस. पाठवते आहे. पाकिटात मी केलेले सव्वीस कागद आहेत.

तू कधी जवळ बसून पाहिलं नाहीस, म्हणून कृतीही लिहिते. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवायचा आणि बारीक ब्रशने कागदावर हवं ते काढायचं. वाळलं की काही दिसत नाही. कागद आखडतो, म्हणून अवधूत तो पालथा घालून इस्त्री फिरवायचा. नंतर मुलांनी सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवलेली हळद वरून लावायची. कागद पिवळा होतो, आणि सोडा असेल तिथे कुंकवासारखा लाल. मुलं दर वेळी ओरडायची. अवधूतही ओरडायचा. दिवसभर रंगांच्या कंपनीत केमिस्टची नोकरी करून आलेला माणूस, पण जणू त्याला काही ठाऊकच नव्हतं. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यात त्याने पाच कागद काढले. एक मी हळद लावून पाहिला, मोराची मान वाकडी आली होती. बाकीचे चार मी कोणाला देणार नाही.

जानेवारीत तुझ्याकडे हळदीकुंकू होतं, तेव्हा त्याला जाऊन चौदा महिने झाले होते. तिळाच्या वड्या तू मलाच करायला सांगितल्या होत्यास. मी त्या घेऊन आले, सगळ्यांबरोबर बसले. तू तबक घेऊन एकेकीपुढे वाकत होतीस. माझ्यापाशी आलीस, थांबलीस आणि हळूच म्हणालीस, "अनुया, तू जरा आत चहाचं बघतेस का?" हळू म्हणालीस, पण खोलीभर ऐकू गेलं. तुझी लेक पूर्वी एकटीच तिच्या तोडक्या मराठीत बोलली, "मम्मी, तू अनुया मावशीला विसरलास." मी आत गेले आणि चहा केला. आलं किसताना बोट कापलं, तेही कोणाला सांगितलं नाही. नंतर मी मंडळात यायची थांबले, तर तू सगळ्यांना सांगितलंस की अनुयाला एकटीलाच राहायला आवडतं. वड्यांचा डबा अजून तुझ्याकडेच आहे.

कागद पोस्टाने नुसतेही पाठवता आले असते. पत्र लिहिलं ते एका कागदासाठी. पंचवीस कागदांवर मोर, मासे, फुलं आहेत. एकावर तुझं ते चहाचं वाक्य आहे, तुझ्या नावासकट. मुलांना मराठी वाचता येत नाही, म्हणून इंग्रजीत लिहिलं. सगळ्यांना इस्त्री करून मी ते पत्त्यांसारखे पिसले. आता कोणता, ते मलाही ओळखता येणार नाही. शनिवारी तो कोणाच्याही हाती येईल, पूर्वीच्याही. ते नको असेल तर आधी घरी बस आणि तो सापडेपर्यंत माझ्या एकेका कागदाला स्वतःच्या हाताने हळद लाव. नवे कागद मी करणार नाही. आणि हळद मुद्दाम आणायला नको. माझ्या वाटची तुझ्याकडे राहिली आहे, तीच वापर.

तुझीच,
अनुया