टाकीमागे ठेवलेली कौले

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा चष्म्यांचा, आता बंद, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. मुलाने शंका काढली तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. मिळकत म्हणजे दगडी दर्शनी भिंतीचे, लोखंडी सज्जाचे तीन मजली घर. खाली दुकान, वर आम्ही. पुरातत्त्व खात्याने ते संरक्षित ठरवले आहे, म्हणजे खिळा ठोकायलाही परवानगी लागते. पत्नी आजारी पडली तेव्हा अरुंद, वळणाच्या जिन्याला कठडा मागितला. खात्याचे साहेब म्हणाले, "काका, मूळ रचना बिघडेल." मग तिला खुर्चीत बसवून खाली न्यावे लागले. ती खुर्ची खात्याला द्यावी. मूळ स्थितीत आहे.

२. काचांची पेटी आणि दुकानातली हत्यारे मुलीला. तिला माझ्याआधी दिसले. फोनवर म्हणाली, "बाबा, दादा येऊन गेला की मगच छप्पर कसं गळतं?" मी म्हटले, "जुनं झालंय गं."

३. खरे उत्तर इथे देतो. घर राहण्याजोगे उरले नाही तर संरक्षण उठते आणि जागा विकता येते, असे मुलाच्या कानात शेजारच्या बिल्डरने भरले आहे. म्हणून तो दर भेटीत "जरा छप्पर बघतो" म्हणत शिडी लावतो आणि दोन-चार कौले काढतो. जन्मभर लोकांना दिसावे म्हणून काचा घासल्या, आणि पोटच्या पोराला वाटते बापाला दिसत नाही. मी विचारले नाही. तो हो म्हणाला असता तर मला सोसले नसते. बिल्डरला माझ्याकडून काहीही नाही, नमस्कारसुद्धा नाही.

४. गेल्या महिन्यात कंबर धरत माळ्यावर गेलो. काढलेली कौले पाण्याच्या टाकीमागे रचलेली होती. एकही फुटलेले नाही. त्याची आई काचेची भांडी ठेवायची तशी प्रत्येकाच्या मध्ये वर्तमानपत्राची घडी. मी तिथेच बसून रडलो.

५. म्हणून घर दोघांना निम्मे निम्मे. मात्र मुलाचा हिस्सा त्याने ती कौले स्वतःच्या हाताने परत बसवल्यावर. तोवर सगळे मुलीकडे. बँकेतली शिल्लक कुजलेल्या वाशांसाठी.

६. शिडी मुलाला, बिनशर्त. तो चढेल तेव्हा मुलीने खाली ती धरावी. त्याला लहानपणापासून उंचीची भीती वाटते. आजवर तो कौले काढून उतरेपर्यंत मीच धरून उभा असायचो.

साक्षीदार : समोरचे शिंपी (सही)
साक्षीदार : दुकानात हिशेब बघायच्या त्या बाई (सही)

स्थळ : वरची खोली, गळक्या जागेखाली
दिनांक : चौदा मे

(सही) चष्मेवाले