वरच्या खोलीची सावली

५ ऑक्टोबर, शुक्रवार

बकीरच्या खोलीच्या भिंती उभ्या राहिल्या! चाळीस माणसं होती. आमची रीतच ती — शुक्रवारी सगळ्यांनी मिळून एकाच्या घराला दगड लावायचे. मजुरी नाही; खजूर, ताक आणि भरपूर टिंगल. आज पाळी माझ्या घराची.

हम्मू गवंडी वरून ओरडला, "इंजिनिअर, तुमच्याच नकाशापेक्षा दोन थर जास्त झाले की!" म्हटलं, असू दे. बकीर उंच आहे, डोकं आपटेल. हम्मूने खालच्या माणसाकडे पुढचा दगड मागितला.

माझा पोरगा होडीतून समुद्रापार निघाला त्याला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. होडी पलीकडे पोचली नाही म्हणतात. पण बुडताना पाहिलेला माणूस एकही नाही! मी घरं बांधणारा माणूस. खात्री झाल्याशिवाय मी साधा खांब हलवत नाही.

८ ऑक्टोबर

मेन्नाला विचारलं, खिडकी कुठे हवी?

"कसली खिडकी?"

बकीरच्या खोलीची.

"तुम्हाला बरी वाटेल तिथे." आणि मसूर निवडत बसली. मुलाच्या आईला एवढंही वाटू नये? रागावलो.

१४ ऑक्टोबर

बैठक. बावन्न घरं, पुरात राहतं घर गेलेली बावन्न कुटुंबं. सहा वर्षं पत्र्याच्या खोल्यांत काढलीत त्यांनी. आम्हीही त्यांतलेच. तेच तेच प्रश्न, तीच तीच उत्तरं. ओढ्याच्या वाटेत पुन्हा एकही घर नाही. भिंती एकमेकींना चिकटून, म्हणजे उन्हाळ्यात घरं एकमेकांना गार ठेवतील. पावसाच्या पाण्याचं टाकं सगळ्यांचं मिळून. आणि थंडीत कुणाच्याही घराची सावली शेजाऱ्याच्या गच्चीवर पडता कामा नये. हे शेवटचं मी टेबलावर हात आपटून सांगितलं.

गच्च्या बायकांच्या. बावन्न गच्च्या मी काढल्या, पण माणसं राहायला आली की मला एकीवरही पाऊल टाकता येणार नाही. वर ऊन कुठे आणि सावली कुठे, हे मग आम्हा पुरुषांना बायका सांगतील तेवढंच कळणार.

२१ ऑक्टोबर

सित्तीमावशी आली. चिठ्ठीत आमच्या शेजारचं घर तिला लागलंय. नवरा नाही, गुडघे गेलेले, अजून माग चालवते. काठी टेकत टेकडी चढून आली, बसायलाही तयार नाही.

"भाऊ, राग मानू नका. तुमची वरची खोली माझं ऊन खाणार."

नकाशात तर नाही खात, म्हटलं.

"नकाशा कागदावर. मी वर जाऊन बघून आले."

पुढे बोलायची सोयच नव्हती. शेजाऱ्याने ऊन मागितलं की माप काढायचं नसतं. मागितलं की द्यायचं. आजोबा तेच करत, त्यांचे आजोबाही. आणि माझ्या मनात ते दोन थर होतेच! बावन्न घरांना नियम सांगणारा मी — दिव्याखाली अंधार.

२४ ऑक्टोबर

तरी जीव राहीना. मावशीच्या पत्र्याच्या खोलीत गेलो. वरचे दोन थर उतरवतो, चालेल?

"नाही."

चार?

तिने मागावरची नजर उचलली नाही. "सगळी खोली, भाऊ." एवढी कठोर ती कधीच नव्हती. पुरात माझ्या घरच्या सगळ्यांना तिने आठ दिवस सांभाळलं होतं.

हम्मूला सांगितलं तर तो हसला. "दुसऱ्या कुणी थर चढवला असता तर तुम्ही उभा जाळला असता. आपला तो बाब्या!" मग माझं तोंड बघून म्हणाला, "चुकलं. माफ करा." माफ केलं नाही.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

पाडली. ज्यांनी बांधली त्यांनीच. बांधायला तीन शुक्रवार लागले होते, पाडायला एक सकाळ. एरवी टिंगल करणारे सगळे आज खाली बघून दगड उतरवत होते. मी पायऱ्यांवर बसून राहिलो. लाज वाटली नाही रडायला.

मेन्नाने सगळ्यांना जेवण पाठवलं. मोठं पातेलं भरून कुसकुस, वर मटण. एवढ्या माणसांचं तिने कित्येक दिवसांत रांधलं नव्हतं. माझ्या पोराची खोली पडतेय आणि ही पंगत घालते! मी घास घेतला नाही.

१५ नोव्हेंबर

तीन वर्षं झाली. घरात कुणी त्याचं नाव घेतलं नाही.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

आज हम्मूचं घर. गेलो नाही. पाठ दुखते असं कळवलं.

२१ डिसेंबर

सगळ्यात लहान दिवस. घरं ताब्यात द्यायच्या आधी गच्च्यांचा चुना तपासायचा होता. मावशी अजून राहायला आली नाही, म्हणून तिच्याही वर जाता आलं. आमच्या गच्चीवर, भिंत होती त्याच जागी, बांबू उभा करवला — दोन थर धरून जेवढी उंच होती तेवढा.

दुपारी सावली तिच्या कठड्याच्या हातभर अलीकडे थांबली. वाट बघितली. उन्हं कलेपर्यंत थांबलो. पोचली नाही! तीनदा मापली. तिच्या गच्चीवरचं चिमूटभरही ऊन गेलं नसतं.

खोटं बोलली म्हातारी. उद्या जाऊन विचारतो. आता कसली रीत आणि कसलं काय!

२२ डिसेंबर

खूप ओरडलो. सित्तीमावशीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, मला तुमच्या मेन्नानेच पाठवलं होतं. पाय धरले माझे. म्हणाली, ती खोली उभी आहे तोवर हे मला माझ्या पोरासाठी रडू देणार नाहीत."

घरी आलो. मेन्नाजवळ बसलो आणि म्हटलं, आपला बकीर गेला.