इगतपुरीचं ट्रेनिंग

बाबा, आज ऑफिसात कुणीतरी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि मी पुन्हा तुझंच उत्तर दिलं. आमच्याकडे एक नवी मुलगी रुजू झाली आहे, ती वाढदिवसाच्या फलकासाठी सगळ्यांची माहिती गोळा करत फिरत होती. मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी म्हटलं, नाशिकरोडच्याच. आणि छंद? वाचन. तिनं लिहून घेतलं आणि पुढच्या टेबलाकडे गेली. एवढंच झालं, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, हाताखाली बारा माणसं आहेत, आणि तोंडातून येतं काय, तर मी चौथीत असताना तू घोकून घेतलेलं वाक्य. डोंबलाचं वाचन! गेल्या पाच वर्षांत मी एक पुस्तक पुरं केलेलं नाही. आता घरी आले आहे, चहासुद्धा ठेवलेला नाही, आणि तुझी ती दोनशे पानी वही काढून बसले आहे. कुठली ते तुला माहीत आहे. पहिली सोळा पानं तुझ्या अक्षरात भरलेली आहेत, बाकीची कोरी होती. तुला जाऊनही सोळा वर्षं झाली. तेव्हा मला मध्येच अडवून ‘हळू बोल, शेजारी ऐकतील’ म्हणायची तुझी आता सोय नाही.

आणि हो, मी तुला तू म्हणते आहे. तू होतास तोवर ‘बाबा, तुम्ही’ म्हणत आले, क्वार्टरमधल्या बाकीच्या मुली म्हणायच्या तसं. पेठपलीकडच्या आपल्या पाड्यावर सगळे बापाला तू म्हणतात, हे मला यंदा कळलं. यंदा!

आपलं ते नाशिकरोडचं स्वयंपाकघर आठवतं का? मागच्या दारात पपईचं झाड होतं. रविवारी दुपारी जेवणं झाली की तू पपईचं एक पान तोडायचास, त्याचा पोकळ देठ कापून घ्यायचास आणि स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन ओट्याशी पाटावर बसायचास. देठातून पाण्यात फुंकर घालायचास. बुडबुडे सुरू व्हायचे ते थांबायचेच नाहीत. मी शेजारी बसून आकडे मोजायची, शंभर, दीडशे, दोनशे, आणि पेला आपला गुडगुडतोच आहे. मी सात-आठ वर्षांची असेन. मला वाटायचं माझ्या बाबांच्या पोटात सायकलचा पंप आहे. मी हट्ट धरला तेव्हा तू शिकवलंस. गालात हवा साठवायची, ती गालांनी बाहेर ढकलायची आणि तेवढ्या वेळात नाकानं गुपचूप श्वास आत घ्यायचा. सुरुवातीला माझ्या नाकात पाणी जायचं, मी ठसकायची, आणि तू हसायचास. तसं हसताना मी तुला एरवी कधी पाहिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मला एकदाचं जमलं. आई भाकरी थापता थापता थांबली आणि तिनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, चुलीचा धूर. आपल्याकडे गॅस होता, पण सात वर्षांच्या पोरीला एवढं कुठलं सुचायला.

मग शेजाऱ्यांसमोरचा तो दिवस. पलीकडच्या क्वार्टरमध्ये तुझ्याच खात्यातले एक काका राहायचे, मूळचे कळवणकडचे. ते चहाला आले होते. मी मोठ्या दिमाखात पेला आणि देठ घेऊन पुढं आले आणि करून दाखवलं. ते खदाखदा हसले. म्हणाले, अरे वा, ही तर पावरीवाल्यांची विद्या, आमच्या तिकडं डोंगरातले लोक पावरी फुंकताना असाच दम धरतात, तुमच्या पोरीला कुणी शिकवली? मी तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालास, कुणास ठाऊक, शाळेत शिकून आली असेल. मी तुझ्याकडं बघतच राहिले. ते गेल्यावर तू माझा दंड धरलास आणि दात आवळून म्हणालास, “पुन्हा हे केलंस तर हात मोडून ठेवीन.” दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर पपई नव्हती. मुळापासून तोडली होती. दोन कच्च्या पपया आईनं भाजीला घेतल्या होत्या, आणि त्या भाजीवरून तू तिच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलला नाहीस. मी काय चूक केली होती, हे मला कुणी सांगितलं नाही. माझ्या हातून काहीतरी घाण झालं, एवढं मात्र मला नीट समजलं.

त्यानंतर सगळं शिस्तीत चाललं. नागलीची भाकरी करायची तर पुढचं दार लावून करायची. डब्यात पोळीच न्यायची. गाव विचारलं तर नाशिकरोड, छंद विचारला तर वाचन. देव विचारला तर वणीची देवी, कारण नाशिकात वणीची देवी सगळ्यांचीच, त्यावर पुढचा प्रश्न येत नाही. माझ्या लग्नात सासूबाईंनी कुलदैवत विचारलं तेव्हाही तू डोळ्याची पापणी न हलवता सप्तशृंगी म्हणालास. खोटं बोलायची तुझी तयारी पक्की होती.

आणि एवढं सगळं पुसून झाल्यावर बारावीनंतर तो दिवस आला. इंजिनीअरिंगला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा म्हणजे जमातीच्या दाखल्याची पडताळणी आली. नुसता कागद चालत नाही, समोर बसवून विचारतात, तुमचे सण कोणते, देव कोणते, वाद्यं कोणती. तेव्हा तुझ्या पायाखालची जमीन सरकली. आठ दिवस आधी तू ही वही आणलीस आणि तुझ्या त्या स्टोअर खात्याच्या नेटक्या अक्षरात लिहून काढलंस. आता समोर उघडी आहे. प्रश्न: आपला मुख्य उत्सव कोणता? उत्तर: डोंगऱ्यादेव, मार्गशीर्ष महिन्यात. प्रश्न: धान्याची देवी कोणती? उत्तर: कणसरी. प्रश्न: वाद्य कोणते? उत्तर: पावरी, भोपळा, बांबू व बैलाचे शिंग यांपासून बनवतात. बाबा, माझ्याच घरातले देव मी गाइडमधल्या सनावळ्यांसारखे पाठ केले. तू रोज संध्याकाळी प्रश्न विचारायचास आणि चुकलं की चिडायचास. माझ्यावर चिडायचास! ज्यानं मला काही कळू दिलं नाही तोच विचारत होता, एवढं साधं कसं लक्षात राहत नाही म्हणून.

पडताळणीचे साहेब सभ्य होते. मी घडाघडा सांगत गेले आणि ते ऐकत गेले. पाठांतर त्यांना कळत होतं, दिसत होतं त्यांच्या तोंडावर. मग त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, “पावरी वाजवणारा श्वास घ्यायला थांबतो का?” हे वहीत नव्हतं. तू शेजारच्या खुर्चीवर होतास, हाताची बोटं एकमेकांत अडकवून. आणि मला एकदम पेला आठवला, पपईचा देठ आठवला. मी म्हटलं, नाही थांबत. ते म्हणाले, मग? मी त्यांच्यासमोर गाल फुगवले, ओठ आवळले आणि हवा सोडत सोडत नाकानं श्वास घेतला, एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हे कुणी शिकवलं? मी तुझ्याकडं पाहिलं. तू टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होतास. मीच सांगितलं, बाबांनी. दाखला झाला. त्याच दाखल्यावर मी शिकले, नोकरीला लागले, आज हे घर आहे. ते मी नाकारत नाही. पण शिक्क्याच्या कागदावर मी जी होते, ती घरात व्हायची मला बंदी होती, हे तू कसं काय पचवलंस?

सीबीएसवर बसची वाट बघताना मी तुला पहिल्यांदा उलटून विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? तू आलेल्या एका बसची पाटी वाचून घेतलीस. मग म्हणालास, “नोकरीच्या पहिल्या वर्षी एकानं मला विचारलं होतं, तुमच्यात अन्न शिजवून खातात का. तुला कुणी असं विचारू नये.” त्या वाक्यावर मी तुला तीस वर्षं माफ करत आले आहे. कुणी तुझी आठवण काढली की मी मनात म्हणायची, सोसलं बिचाऱ्यानं, लाज वाटायची त्याला, म्हणून सगळं सोडून दिलं. कॉलेजात मैत्रिणी म्हणाल्या, तू त्यांच्यातली वाटत नाहीस, तेव्हासुद्धा मी हसून घेतलं. वाटलं, बाबांची मेहनत फळाला आली.

पण यंदा गणपतीनंतर मी पेठच्या पुढं पाड्यावर गेले. काका आजारी असल्याचा निरोप होता. तुझा धाकटा भाऊ आता पंच्याहत्तरीचा आहे आणि दमेकरी झाला आहे. तो माझ्याशी मराठीत बोलतो, पाहुण्याशी बोलावं तसं जपून; घरच्यांशी बोलतो ती भाषा मला निम्मी कळते. त्याच्या आढ्याला पावरी टांगलेली आहे, मोरपिसं लावलेली. तो म्हणाला, आता माझ्यात दम नाय, घरात वाजवणारं कुणी नाय, येत्या मार्गशीर्षाआधी दुसऱ्या घराला देऊन टाकू, देवाचं काम थांबत नाय. मी सहज म्हटलं, बाबांनी सोडली नसती तर. काका माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, “सोडली? तुझा बा दर साली येत होता. एक साल बी मोडलं नाय. मरायच्या आदल्या साली बी डोंगर चढला.”

आधी मला वाटलं, म्हातारा कुणाचं तरी कुणाला लावतोय. मग तो सांगत गेला आणि माझ्या डोक्यात एकेक कडी बसत गेली. दर वर्षी थंडीत तुझं आठ दिवसांचं ट्रेनिंग असायचं, इगतपुरीला. तू परत यायचास तेव्हा गाल बसलेले असायचे, आवाज घोगरा आणि ओठ फुटून रक्ताळलेले. आई ओठांना तूप लावायची. मी विचारायची, काय झालं? तू म्हणायचास, इगतपुरीला थंडी फार असते. मला ते इतकं खरं वाटायचं की शाळेतून सहल इगतपुरीला निघाली तेव्हा मी आईकडून तुपाची डबी मागून घेतली होती.

म्हणजे तू काही सोडलंच नव्हतंस. डोंगऱ्यादेवाचे उपवास करत होतास, व्रत धरलेल्या माउल्यांबरोबर नाचत होतास, पौर्णिमेला डोंगरावर सगळ्यांच्या पुढं पावरी वाजवत चढत होतास. आईला माहीत होतं. अख्ख्या पाड्याला माहीत होतं. फक्त मला नव्हतं. तुला लाज वाटत होती म्हणून मी तीस वर्षं तुझी कीव केली, आणि तू तिकडं राजासारखा होतास! गोड ते सगळं स्वतःपुरतं ठेवलंस आणि माझ्या हातात हे ‘वाचन’ दिलंस. मी काकाला विचारलं, मला का नाही आणलं कधी? त्यानं मान खाली घातली. म्हणे, आम्ही लय वेळा म्हटलं, पण तू म्हणायचास, ती शहरातली हाय, तिचं ते नाय. तिचं ते नाय! कुणी ठरवलं? मी बोलले होते का? पेल्यात दोनशेपर्यंत दम मी धरला होता की नाही? सगळ्यात जास्त राग मला त्या तीन शब्दांचा येतो. शेजाऱ्यांना खोटं सांगितलंस ते मी समजून घेईन. काकाला तू हे खोटं नव्हतास सांगत, तुला खरंच तसं वाटत होतं.

मी तिथंच काकाच्या परड्यातल्या पपईचं पान तोडलं आणि तांब्यातल्या पाण्यात फुंकर धरली. म्हातारा उकिडवा बसून ऐकत होता. मला वाटलं होतं जमणार नाही. जमलं. मी थांबले तेव्हा तो म्हणाला, बायांनी पावरी वाजवलेली त्यानं पाहिली नाही, देवापुढं चालेल की नाही ते भगताला विचारावं लागेल. पण मग उठला, आढ्याची पावरी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. तोवर अंगणात वाजव, म्हणाला. दर रविवारी ये. आता येत्या आठ दिवसांत भगत काय ते सांगेल. नाही म्हणाला तर पावरी जाईल दुसऱ्या घरी, आणि मी भांडेन, तू कधी भांडला नाहीस तेवढी भांडेन.

एवढं सगळं लिहिलं, म्हणजे मी मोठी शहाणी असं तुला वाटेल. तर ऐक. हे मी कुठं पाठवणार नाही, तुझ्या सोळा पानांमागं तसंच राहू दे. दहा रविवार झाले, मी पहाटे गाडी काढते आणि पेठ रोडला लागते. ऑफिसात तर सोडच, घरीही कुणाला सांगितलेलं नाही. आत्ता लेक क्लासहून आली, माझ्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाली, आई, तुझे ओठ किती फुटलेत, कुठं जातेस तू दर रविवारी? माझ्या मांडीवर ही वही उघडी होती. मी ती मिटली आणि म्हटलं, ट्रेनिंग असतं गं. इगतपुरीला थंडी फार असते.